प्रकल्प नोंदी: स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन आणि तंगूस लावून केलेलं व्हील अलाइनमेंट

गाडी: पहिल्या पिढीतली स्विफ्ट, १.३ पेट्रोल, व्हीएक्सआय, २००९. मीटर १,१२,४०० किमी. टायर १६५/८० आर१४, स्टील रिम. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई). कामाची जागा: नाशिक, इमारतीखालचं पार्किंग.

तक्रारी: गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की जास्त. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खाल्लेत, डावा जास्त.

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल दसरा झाला, बंपरवरचा झेंडूचा हार आधी काढला. आज काहीच खोलायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं.

डॅशबोर्डच्या खणात वर्षभरातले अलाइनमेंटचे तीन छापील रिपोर्ट मिळाले. तिन्हींत शेवटी टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची बाजू आत वळलीय की बाहेर) हिरवा, म्हणजे मर्यादेत. तिन्हींत कॅस्टरचा (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) रकाना कोरा. कॅस्टर मोजायला चाकं दोन्हीकडे वळवून घ्यावी लागतात, त्यात पाच मिनिटं जातात, म्हणून ती पायरी गाळतात. तीनदा टो हिरवा होऊनही टायर खातोय, म्हणजे गाडी उभी असताना एक टो आहे आणि चालताना दुसराच. हा तर्क धरूनच पुढचं काम.

हवा: पुढे डावा २६, उजवा ३१ पीएसआय. म्हणजे ओढण्याचं एक कारण इथेच सापडलं. चारही टायर थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे केले.

टायरची खोली (मिमी, आत / मध्ये / बाहेर):
डावा पुढचा २.१ / ४.० / ४.४
उजवा पुढचा २.६ / ४.१ / ४.३
मागचे दोन्ही साधारण ५.७, सगळीकडे सारखे.

१.६ ही कायद्याची किमान मर्यादा, तेव्हा पुढचे दोन्ही जाणारच. पण काम संपेपर्यंत हेच ठेवायचे. नवे टायर आत्ता घातले तर पहिल्या काही दिवसांत तेच खाल्ले जातील.

हात फिरवून पाहिलं. तळवा टायरवर बाहेरून आत नेला की रबराच्या कडा टोचतात, आतून बाहेर नेला की गुळगुळीत लागतं. कडा बाहेरच्या दिशेला धारदार असतील तर टो-आउट, आतल्या दिशेला असतील तर टो-इन. दोन्ही चाकांवर टो-आउटचीच खूण. नुसता कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) जास्त असता तर कड झिजली असती, पण अशी करवत झाली नसती.

संध्याकाळी ओझरच्या पुढे आग्रा रोडवर चाचणी. आपल्याकडे डावीकडून चालतो आणि रस्ता मधून उंच, कडेला उतरता असतो. त्यामुळे डाव्या लेनमध्ये चांगली गाडीही थोडी डावीकडे जाते. म्हणून वाहतूक नसताना उजव्या लेनमध्येही बघायचं. तिथेही डावीकडेच गेली. हवा समान केल्यावर ओढ कमी झाली, गेली नाही. मग पुढचे दोन टायर आपसात बदलले (टायर दिशेचे नाहीत, बाण नाही, म्हणून चालतं). ओढ डावीकडेच राहिली. टायरच्या आतल्या बांधणीचा दोष असता तर बाजू बदलली असती. टायर निर्दोष.

४ ऑक्टोबर, शनिवार: प्ले (सांध्यांतली ढिलाई) तपासणी

पुढची गाडी जॅकवर, दोन जॅक स्टँडवर टेकवली. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा.

चाक वर-खाली (१२ आणि ६ वाजता हात): दोन्हीकडे प्ले नाही. व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. बॉल जॉइंट मात्र चाक लटकतं असताना नीट कळत नाही, म्हणून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि नकल (हब धरणारा भाग) यांच्या मध्ये पहार घालून उचकटून पाहिलं. डाव्या बॉल जॉइंटचं रबर फाटलंय, ग्रीसमध्ये माती. आज प्ले नाही, दोन महिन्यांनी येईल.

चाक डावीकडे-उजवीकडे (३ आणि ९ वाजता): डाव्या टाय रॉड एंडला (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) अगदी बारीक टकटक. हाताला जाणवते, डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या माणसाला एंडवर बोट ठेवायला सांगून खात्री केली.

स्ट्रटचं वरचं माउंटिंग: गाडी जमिनीवर आणून एकाने स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने हात आत घालून स्प्रिंगवर बोटं ठेवायची. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग एकसारखी फिरते. डावीकडे स्प्रिंग अडकून मग एकदम सुटते आणि ‘टण्ण’ आवाज येतो. माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ न येण्याचं एक कारण हेही.

आता मुख्य सापडलेली गोष्ट. लोअर आर्मला दोन बुश (रबरी सांधे), पुढचा छोटा आणि मागचा मोठा. वरून दोन्ही ठीक दिसतात. मोठ्या बुशशेजारी क्रॉसमेंबरवर (आर्म जिला जोडलेले असतात ती आडवी चौकट) पहार टेकवून आर्म पुढे-मागे ढकलला. उजवीकडे रबर थोडं दबलं आणि परत आलं. डावीकडे रबर उघडलंच: आतल्या पोलादी नळीपासून जवळजवळ अर्धा वर्तुळ सुटलंय. नुसत्या डोळ्यांनी खालून बघितलं असतं तर ही फट बंदच दिसली असती, कारण गाडी उभी असताना तिच्यावर जोर नसतो.

ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, हा आर्म मागे सरकतो, चाकाचा टो आणि कॅस्टर दोन्ही त्या क्षणापुरते बदलतात. मशिनवर गाडी उभीच असते, तिला हे कळणार नाही. त्यात फाटक्या बुशवर टो हिरवा केला, की पुढच्या खड्ड्यात तो परत हलतो. तीन रिपोर्टांचा उलगडा इथे होतो.

५ ऑक्टोबर, रविवार: आधीची मापं

जमीन आधी. पार्किंगची फरशी दिसायला सपाट असते, पण पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून चार चाकांच्या जागी लावली. डाव्या पुढच्या चाकाच्या मानाने उजवं पुढचं ६ मिमी, डावं मागचं ४, उजवं मागचं ९ मिमी खाली. ६ मिमीचा फरक १४७० मिमीच्या ट्रॅकवर (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) म्हणजे कॅम्बरमध्ये जवळजवळ पाव अंशाची चूक. ६, ४ आणि ९ मिमी प्लायचे तुकडे चाकांखाली ठेवले. जागा ऑइल पेंटने आखून ठेवल्या, कारण गाडी पुन:पुन्हा इथेच आणायची आहे.

पुढच्या चाकांखाली फिरत्या प्लेट हव्यात. दोन-दोन फरशीच्या टाइल, गुळगुळीत बाजू समोरासमोर, मध्ये ग्रीस आणि प्लास्टिकचा तुकडा. यांची जाडी सारखी धरून मागच्या चाकांखालीही तेवढ्याच टाइल ठेवल्या. हे विसरलं तर गाडी पुढून उंच होते आणि कॅस्टर चुकतो.

उंची (हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत): डावं ३७१, उजवं ३७३. स्प्रिंग बसलेल्या नाहीत. हे माप घेतल्याशिवाय कॅम्बरवर बोलण्यात अर्थ नसतो.

चौकट: १ इंची अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप दोन, प्रत्येकी २ मीटर. दोन्हींवर १८२० मिमी अंतरावर हॅक्सॉने बारीक खाचा. दोन्ही पाइप शेजारी ठेवून एकाच वेळी खाच मारायची, म्हणजे अंतर मोजण्यातली चूक उरत नाही. एक पाइप बंपरपुढे, एक मागे, जॅक स्टँडवर, हबच्या उंचीला (इथे २९० मिमी). खाचांतून तंगूस आणि टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली. सुतळी वापरू नये, तिचे तंतू उभे राहतात आणि अर्धा मिमी कुठे गेला ते कळत नाही. तंगूस मधोमध थोडी खाली झोळते, त्याने फरक पडत नाही, कारण आपण आडवं अंतर मोजतो. वाऱ्याने हलते त्याने मात्र पडतो.

मग पाइप डावीकडे-उजवीकडे सरकवून तंगूसपासून हबच्या मध्याचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं करायचं. पुढे १०० आणि १००, मागे ९५ आणि ९५. पुढे आणि मागे सारखंच हवं असा हट्ट धरू नये, मागचा ट्रॅक रुंद आहे म्हणून ५ चा फरक येतो. दोन्ही मिळवल्या की दोन तंगूस गाडीच्या मध्यरेषेला समांतर.

स्टेअरिंगचा मध्य: पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फेरे मोजून अर्ध्यावर आणलं, टेप लावली, सीट पुढे घेऊन पट्ट्याने बांधलं.

रिमच्या कडेला पुढे आणि मागे, स्टीलच्या पट्टीने, तंगूसपासूनचं अंतर (मिमी):

पुढचं डावं: ९९.० / १०१.५, टो-आउट २.५
पुढचं उजवं: १००.० / १०१.५, टो-आउट १.५
मागचं डावं: ९६.० / ९५.०, टो-इन १.०
मागचं उजवं: ९५.५ / ९५.०, टो-इन ०.५

पुढची कड तंगूसच्या जवळ असेल तर टो-आउट. पुढचा एकूण टो-आउट ४ मिमी.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवायची. मिमीमधला टो कुठल्या व्यासावर मोजला ते सांगितल्याशिवाय निरर्थक असतो. या रिमची कड ते कड ३९० मिमी भरते. त्यावर १ मिमी म्हणजे साधारण ९ मिनिटं (६० मिनिटं म्हणजे एक अंश). हाच १ मिमी टायरच्या बाहेरच्या व्यासावर (६२० मिमी) मोजला तर साडेपाच मिनिटं. आपले ४ मिमी म्हणजे ३५ मिनिटं, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. टायर का खातोय ते वेगळं सांगायला नको.

मागे दोन बाजूंचा फरक अर्धा मिमी, म्हणजे थ्रस्ट अँगल (मागची चाकं मध्यरेषेपासून किती तिरपी बघतात तो कोन) दोनेक मिनिटं. बीम सरळ आहे. हे फार बरं झालं, कारण टॉर्शन बीमला टोची चावी नसते. वाकला तर शिम घाला नाहीतर बीम बदला.

व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर): चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खुणा. उजवीकडे २३९०, डावीकडे २३८५. डावं पुढचं चाक ५ मिमी मागे आहे. क्रॉसमेंबर सरकला असेल का ते पाहिलं. त्याच्या बोल्टच्या वॉशरखालचे ठसे जुनेच, हललेले नाहीत. म्हणजे सरकलाय तो आर्मच.

कॅम्बर (डिजिटल अँगल मीटर, रिमच्या दोन कडांवर सरळ पट्टी टेकवून): डावा −०.४°, उजवा −०.५°. ठीक.

कॅस्टर: चाक बाहेर २० अंश आणि आत २० अंश वळवायचं, दोन्ही ठिकाणच्या कॅम्बरमधला फरक घ्यायचा आणि त्याला १.४६ ने गुणायचं. डावीकडे फरक १.६, म्हणजे कॅस्टर २.३°. उजवीकडे २.०, म्हणजे २.९°. सहा दशांश अंशाचा फरक. खालचा बॉल जॉइंट ते स्ट्रटचं माथं अंतर साधारण ६०० मिमी धरलं तर ५ मिमी मागे सरकण्याने अर्धा अंश कॅस्टर कमी होतो. ओळंबा आणि अँगल मीटर वेगवेगळ्या वाटेने एकाच जागी आले. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, इथे ती डावी.

८ ऑक्टोबर, बुधवार: सामान

लोअर आर्म डावा-उजवा (बुश आणि बॉल जॉइंटसकट), टाय रॉड एंड २, स्ट्रट माउंटिंग बेअरिंगसह २, स्ट्रटचे नवे लॉकनट, स्प्लिट पिन २.

नुसता मोठा बुश प्रेसवर बसवता आला असता. पण बॉल जॉइंटचं रबरही गेलंय आणि तो आर्मचाच भाग आहे. एका बाजूचाच नवा घातला तर एकीकडे कडक, एकीकडे नरम, म्हणून दोन्ही.

डावा आर्म जुन्याशेजारी फरशीवर ठेवून पाहिला आणि परत केला. मोठ्या बुशच्या रबरात दोन पोकळ फटी असतात. त्यांची दिशा जुन्यापेक्षा चांगलीच फिरलेली होती. या फटी कोणत्या दिशेला रबर नरम ठेवायचं ते ठरवतात. फिरवून बसवलेला बुश ब्रेकच्या दिशेला नरम पडतो आणि आज जे दुखणं आहे तेच नव्या भागासकट परत मिळतं. बदली आर्म संध्याकाळी आला, तो जुळला. डब्यावरचा नंबर जुळणं आणि आतला माल जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

११ ऑक्टोबर, शनिवार: खोलणं आणि बसवणं

डावी बाजू आधी, उजवी तशीच ठेवली. काही शंका आली तर बघायला नमुना हवा.

टाय रॉड एंड: चेकनट सैल करण्याआधी त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाची रेघ. एंड नकलमधून काढताना काटा ठोकला तर रबर फाटतं. जुना जाणारच आहे म्हणून चाललं असतं, पण सवय नको. नकलच्या कानावर समोरासमोर दोन हातोडे, दोन ठोक्यांत सुटला. एंड फिरवून काढताना फेरे मोजले: साडेएकोणीस. नवा तेवढेच फेरे.

आर्म: नकलचा क्लॅम्प बोल्ट पूर्ण काढायचा, कारण बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्यात अडकलेला असतो. फट थोडी पाचरीने उघडली, दांडा खाली आला.

या टप्प्याला पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत एक खास धोका असतो. आर्म सुटला की नकल बाहेर झुलते आणि ड्राइव्ह शाफ्ट ओढला जातो. आतल्या जॉइंटचे रोलर कपातून निसटले की दिवस गेला. नकल तारेने स्ट्रटकडे बांधून ठेवली. ब्रेक कॅलिपरही तारेवर टांगला, पाइपवर लटकू दिला नाही.

स्ट्रट: स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर, एकाआड एक थोडे थोडे आवळत. वरचा नट तोपर्यंत सोडायचा नाही जोपर्यंत स्प्रिंग हाताने वाटीत हलत नाही. जुन्या बेअरिंगमध्ये गंजाची पावडर होती. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीच्या पायरीला टेकलंय का ते बघून नवं माउंटिंग बसवलं.

बुशचे बोल्ट आत्ता फक्त हाताने. ही पायरी गडबडीत चुकते. रबराचा बुश हा बेअरिंग नसून पिळला जाणारा तुकडा आहे. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं. मग उंची एक बोट जास्त दिसते, कॅम्बर चुकतो आणि नवा बुश वर्षात फाटतो. दोन्ही बाजूंचं काम झाल्यावर पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर उतरवली, बंपर चारपाच वेळा दाबून गाडी बसवली, मग खाली शिरून बुशचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळले. चाकांचे नट ८५ न्यूटन-मीटर.

१२ ऑक्टोबर, रविवार: कॅम्बर, मग टो

सकाळी गाडी बाहेर दोन किलोमीटर फिरवून आणली आणि पुन्हा रंगाच्या खुणांवर उभी केली. जॅकवरून थेट उतरलेल्या गाडीवर मोजू नये. टायर जमिनीला चिकटून बसतात, चाकं बाहेर पसरू शकत नाहीत आणि माप खोटं येतं.

व्हीलबेस आता दोन्हीकडे २३९०.

कॅम्बर: डावा −०.२°, उजवा −०.९°. ५ तारखेला दोन्ही ठीक होते, मग हे कुठून आलं? स्ट्रट नकलला दोन बोल्टनी जोडलेला असतो आणि भोकांत थोडी ढिलाई असते. काल डावी नकल बाहेर झुकलेली असताना आवळली गेली आणि उजवी आत. गाडीत कॅम्बरची अधिकृत चावी नाही, पण ही ढिलाई हीच चावी म्हणून वापरता येते. चाक उचलून दोन्ही बोल्ट जेमतेम सैल केले. उजवीकडे चाकाचं वरचं टोक बाहेर ओढून धरलं आणि आधी वरचा, मग खालचा बोल्ट आवळला. डावीकडे उलट, आत दाबून. दोन प्रयत्नांत डावा −०.४°, उजवा −०.५°. ढिलाईतून साधारण ०.४ अंशापर्यंत मिळालं. त्याहून जास्त लागलं असतं तर एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्टचा विचार केला असता. तो बोल्ट बारीक असतो आणि त्याचा टॉर्कही वेगळा, मूळ बोल्टचा टॉर्क त्याला लावून चालत नाही.

डावा-उजवा फरक अर्ध्या अंशाच्या खूप आत आहे, पुरे. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते, म्हणून आकड्यापेक्षा दोन बाजूंचा फरक जपायचा.

कॅम्बर हलवल्यावर उजव्या चाकाचा टो सव्वा मिमी टो-आउटकडे गेलेला दिसला. टो शेवटी करायचा तो याचसाठी.

कॅस्टर: फरक डावीकडे १.९, उजवीकडे २.०, म्हणजे २.८° आणि २.९°. ही गाडी कॅस्टरसाठी काहीही फिरवू देत नाही. आर्म सरळ तर कॅस्टर सरळ.

टो. लक्ष्य रिमवर एकूण शून्य, फार तर १ मिमी टो-इन. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं नुसती ढकलली जातात, ती चालताना उघडतात. इथे इंजिन पुढच्या चाकांनाच ओढतं, बुश दबतात आणि चाकं आत मिटू बघतात. म्हणून उभ्या गाडीत जास्त टो-इन भरून ठेवायची गरज नाही.

आधी रॅकच्या (स्टेअरिंगने सरकणारा, टाय रॉड ढकलणारा दातेरी दांडा) रबरी बूटची बारीक क्लिप टाय रॉडवरून सरकवली. ती तशीच ठेवून रॉड फिरवला तर बूट पिळतो, फाटतो, आणि पुढच्या पावसाळ्यात रॅकमध्ये पाणी. चेकनट सैल, रॉडच्या चपट्या भागावर पाना, एंडवर दुसरा पाना. या गाडीत रॅक अ‍ॅक्सलच्या मागे आहे: रॉड लांब केला तर चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते, म्हणजे टो-इन. आखूड केला तर टो-आउट. पाव फेरा म्हणजे त्या चाकावर सव्वा मिमीच्या आसपास. दोन्ही बाजू आलटून पालटून, प्रत्येक फिरवण्यानंतर गाडी एक-दोन मीटर मागे नेऊन पुढे आणून पुन्हा मोजली.

चेकनट आवळताना एंड स्वतःबरोबर फिरतो आणि पाव मिमी खातो. म्हणून आवळल्यानंतरचं माप लिहायचं, आधीचं नाही:

डावं १००.५ / १००.०, टो-इन ०.५
उजवं १००.० / १००.०, शून्य

आग्रा रोड. ओढ गेली, ब्रेक दाबला तरी सरळ. पण सरळ जाताना स्टेअरिंग ६ अंश डावीकडे झुकलेलं. मध्य काढताना फेऱ्यांच्या मोजणीत चूक झाली असणार. स्टेअरिंगचे साधारण १६ अंश म्हणजे चाकाचा १ अंश, आणि टाय रॉडचा पाव फेरा म्हणजे स्टेअरिंगचे जवळजवळ ३ अंश. स्टेअरिंग डावीकडे झुकलंय म्हणजे ते सरळ धरलं की चाकं उजवीकडे बघतात. डावा रॉड अर्धा फेरा आखूड, उजवा अर्धा फेरा लांब. दोन्ही बाजूंना सारखाच आणि उलट, म्हणजे एकूण टो जागच्या जागी राहतो. स्टेअरिंग चाक काढून दात बदलून बसवणारेही असतात. तसं केलं की रॅकचा मध्य कायमचा चुकतो आणि एका बाजूला गाडी कमी वळते.

परत चाचणी. स्टेअरिंग सरळ.

१३ ऑक्टोबर, सोमवार: मशिनवर पडताळणी

थ्रीडी मशीन. सांगितलं ते एवढंच: गाडी मागे-पुढे ढकलून रिमचा रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) काढा, कॅस्टरसाठी चाकं वळवा, आणि काहीही फिरवू नका, फक्त छापा. शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं.

एकूण टो ०°०६′ टो-इन. कॅम्बर डावा −०°२५′, उजवा −०°३०′. कॅस्टरमधला फरक ०°१०′. थ्रस्ट अँगल ०°०२′.

तंगूसचे ०.५ मिमी म्हणजे साडेचार मिनिटं. मशिनशी दीड मिनिटाचा फरक. स्टीलच्या पट्टीवर अर्धा मिमी वाचणाऱ्याने याहून जास्त अपेक्षा धरू नये.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी, आणि गाडीला दोन नवे टायर. नवे मागे, मागचे ५.७ मिमीचे पुढे. पुढचं चाक ओल्या रस्त्यावर घसरलं तर स्टेअरिंगवर कळतं. मागचं घसरलं तर गाडी फिरते. म्हणून चांगली पकड मागे. नट पुन्हा ८५ वर.

२ नोव्हेंबर, रविवार: १,००० किमीनंतर

मीटर १,१३,४६०. चेकनटवरच्या रंगाच्या रेघा जागच्या जागी. बुशच्या रबरावर पहार लावून पाहिलं, चीर नाही. उंची ३७२ आणि ३७३.

पुढचे टायर (आत / मध्ये / बाहेर): डावा ५.६ / ५.६ / ५.६, उजवा ५.६ / ५.७ / ५.६. तळवा दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीत फिरतो.

तंगूस लावून टो पुन्हा: एकूण ०.५ टो-इन.

शिल्लक काम: स्पीड ब्रेकरवर उजवीकडून हलकी खटखट. लिंक रॉडचा खालचा जॉइंट हाताने हलतो. त्याने टो बिघडत नाही, दोन्ही बाजूंचे मागवलेत.